राजाच्या शयनगृहाचे माप: पॅरिसच्या सुतारांची आणि एका कार्यशाळेची कथा

१/
इ. स. १७९४. फ्रान्सच्या राजाचा शिरच्छेद होऊन वर्ष उलटले होते. साठीला आलेल्या एका कारागिराला क्रांतिकारी सरकारने एक काम सोपवले: राजवाड्यातील मौल्यवान लाकडी सामानावरची राजचिन्हे काढून टाकायची. मुकुट, राजघराण्याची आद्याक्षरे, लिलीची फुले, सारे उखडायचे आणि रिकाम्या जागी निरुपद्रवी नक्षी बसवायची. कारागिराने हत्यारे उचलली आणि काम केले. त्याच्या हाताला त्या वस्तूंची प्रत्येक खाच ठाऊक होती. कारण त्यांतील कित्येक वस्तू पंधरा-वीस वर्षांपूर्वी त्यानेच घडवल्या होत्या. त्याचे नाव ज्याँ-आंरी रीझनर.

२/
रीझनरची ही गोष्ट एका माणसापुरती मर्यादित नाही. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये कपाट कोणी बनवावे, कोणाच्या परवानगीने बनवावे आणि कोणत्या गल्लीत बनवावे, हे प्रश्न कायद्याचे होते, पोटाचे होते आणि शेवटी राज्यक्रांतीचेही ठरले. शयनगृहातील खणांच्या कपाटामागे दोन-तीन शतकांचे राजकारण दडलेले असू शकते, हे या कथेतून दिसते. त्यासाठी आधी ‘फर्निचर’ या कल्पनेचाच इतिहास पाहावा लागेल.

३/
फ्रेंच भाषेत फर्निचरच्या वस्तूला ‘मब्ल्’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘हलवता येणारे’. इमारतीला म्हणतात ‘इमब्ल्’, म्हणजे न हलणारे. आपल्याकडील ‘जंगम’ आणि ‘स्थावर’ हीच ती जोडी. मध्ययुगात युरोपातील राजे एका किल्ल्यातून दुसऱ्या किल्ल्यात सतत फिरत. सामान त्यांच्यासोबत फिरे. म्हणून त्या काळचे मुख्य फर्निचर म्हणजे पेटी. तीत कपडे ठेवायचे, तिच्यावर बसायचे आणि मुक्काम हलला की तीच गाडीत चढवायची. दरबार एका जागी स्थिरावला, तेव्हा सामानही स्थिरावले. जंगम वस्तू हळूहळू स्थावर होऊ लागली.

४/
शब्दांचा प्रवासही पाहण्याजोगा आहे. लॅटिनमधील ‘आर्मारियम’ म्हणजे शस्त्रे किंवा साधने ठेवण्याची जागा. त्यावरून फ्रेंचांचे ‘आर्म्वार’ झाले, पोर्तुगीजांचे ‘आर्मारियो’ झाले आणि पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर तो शब्द भारताच्या किनाऱ्यावर उतरून ‘अलमारी’ झाला. ‘कमोड’ची कथा अधिक गमतीची आहे. फ्रेंच ‘कोमोद’ म्हणजे ‘सोयीस्कर’. पेटीत तळाची वस्तू काढण्यासाठी वरचे सगळे उपसावे लागे. तिच्याऐवजी पुढे ओढायचे खण असलेले ठेंगणे कपाट आले, त्याला हे नाव मिळाले. शौचपात्र झाकणाऱ्या लाकडी पेटीला तेच नाव इंग्रजांनी दिले आणि आपल्याकडे तोच अर्थ पोहोचला.

५/
अठराव्या शतकात श्रीमंत फ्रेंच घरातील शयनगृह ही एकसंध रचना झाली होती. भिंतींना कोरीव लाकडी फळ्यांचे अस्तर असे. पलंग भिंतीतील खोबणीत बसवलेला असे. दोन खिडक्यांमधल्या जागेची रुंदी मोजून त्यासाठी कोमोद घडवले जाई. त्यावरील संगमरवरी फळी पुष्कळदा शेकोटीच्या संगमरवराशी जुळती निवडली जाई. अशी वस्तू एखाद्या खोलीतल्या एखाद्या भिंतीसाठीच जन्माला येई. आजच्या भाषेत हे ‘मापाचे फर्निचर’च होते. फरक इतकाच की माप घेणारा सुतार व्हर्सायच्या राजवाड्यात जात असे.

६/
एक ठोस उदाहरण घेऊ. पंधराव्या लुईने व्हर्सायमध्ये आपल्यासाठी नवे खाजगी शयनगृह करवून घेतले. त्यासाठी आंत्वान-रोबेर गोद्रो या कारागिराने १७३९ साली एक कोमोद पोहोचते केले. त्यावरील पितळी वेलबुट्टी झाक काफिएरी या धातुकाराची. ती वेलबुट्टी खणांच्या फटी ओलांडून संपूर्ण दर्शनी भागावर अशी पसरली आहे की खण कुठे सुरू होतो हे सहज कळत नाही. हे कोमोद आज लंडनच्या वॉलेस संग्रहालयात आहे. राजाच्या खोलीतील वस्तू लंडनला कशी गेली? त्याची सुरुवात राजाच्या मृत्यूपासून होते.

७/
१० मे १७७४ रोजी पंधरावा लुई देवीच्या रोगाने मरण पावला. दरबाराच्या प्रथेनुसार मृत राजाच्या शयनगृहातील सामान त्याच्या शयनगृहाच्या प्रमुख मानकऱ्याला मिळे. त्यामुळे गोद्रोचे कोमोद ड्यूक ऑफ ओमाँकडे गेले. नवा राजा सोळावा लुई याच्या शयनगृहात आता रिकामी भिंत होती. ती भरण्याचे काम ज्याला मिळाले, तो जर्मन प्रांतातून आलेल्या परदेशी कारागिरांपैकी एक होता: ज्याँ-आंरी रीझनर. पण जर्मन मुलगा फ्रान्सच्या राजाचा सुतार कसा झाला? उत्तर पॅरिसच्या तटाबाहेरच्या एका वस्तीत आणि तिच्यासारख्या काही मोकळ्या कोपऱ्यांत सापडते.

८/
पॅरिसमध्ये कोणालाही रंधा हातात घेऊन दुकान उघडता येत नसे. प्रत्येक धंद्याची श्रेणी होती. सुतारांच्या श्रेणीत शिरायचे तर सहा वर्षे शागिर्दी, मग काही वर्षे मजुरी, त्यानंतर परीक्षेसाठी एक नमुनेदार वस्तू आणि शेवटी भरमसाट शुल्क. उस्तादाच्या मुलाला हे शुल्क कमी, बाहेरून आलेल्याला जास्त. श्रेणीतच दोन शाखा पडल्या होत्या. भरीव लाकडाच्या खुर्च्या, पलंग, दारे आणि भिंतींचे अस्तर करणारे एक. ओकच्या सांगाड्यावर मौल्यवान लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवणारे दुसरे. या दुसऱ्यांना ‘एबेनिस्त’ म्हणत. हा शब्द ‘एबेन’, म्हणजे पूर्वेकडून येणाऱ्या काळ्या शिसवासारख्या आबनूस लाकडावरून आला.

९/
श्रेणीच्या १७४३ च्या नियमांनी आणखी एक बंधन घातले. प्रत्येक उस्तादाने आपल्या नावाचा लोखंडी शिक्का करून घ्यायचा आणि प्रत्येक वस्तूवर, सहसा न दिसणाऱ्या जागी, तो ठोकायचा. १७५१ साली पॅरिसच्या न्यायपीठाने या नियमांची नोंद केली. श्रेणीचे तपासनीस कार्यशाळांतून फिरत, काम पसंत पडले की ‘जे. एम. ई.’ ही श्रेणीची अक्षरे उमटवत आणि त्याचे पैसे घेत. त्या काळी हा शिक्का म्हणजे परवाना आणि कर. आजच्या इतिहासकारासाठी मात्र तोच मोलाचा पुरावा. नियम जाचक होते, पण त्या जाचामुळेच शेकडो कारागिरांची नावे काळाच्या ओघात पुसली गेली नाहीत.

१०/
या पोलादी चौकटीला एक मोठी फट होती. पॅरिसच्या पूर्वेला, बास्तीय किल्ल्याच्या पलीकडे, सँ-आंत्वान नावाची वस्ती होती. तेथे ११९८ साली स्थापन झालेला जोगिणींचा मठ होता आणि आजूबाजूच्या जमिनीवर मठाची सत्ता चाले. १४७१ साली अकराव्या लुईने या जमिनीवरील कारागिरांना श्रेणींच्या बंधनातून सूट दिली. १६५७ साली चौदाव्या लुईने ती पुन्हा मान्य केली. परिणाम सरळ होता. ज्याला शुल्क परवडत नाही, ज्याचा बाप उस्ताद नाही, जो परदेशी किंवा परधर्मी आहे, तो या वस्तीत येऊन करवत चालवू शकत होता.

११/
म्हणून सँ-आंत्वान लाकडाच्या वासाने भरून गेले. सेन नदीतून ओंडके येत, नदीकाठच्या वखारीत पडत आणि जवळच्या गल्ल्यांत त्यांचे पलंग-कपाटे होत. फ्लेमिश आणि जर्मन कारागीर येथे मोठ्या संख्येने स्थायिक झाले. कार्यशाळा लहान असत. मालक, त्याची बायको, दोन-चार कामगार आणि एखादा शागिर्द, एवढाच पसारा. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड, खाली रंधकामाचा ओटा. श्रेणीवाल्यांना ही वस्ती डोळ्यांत खुपे. तेथील माल पॅरिस शहरात विकायला आणला की जप्तीची भीती असे. स्वातंत्र्य होते, पण ते तटाच्या दाराशी संपत होते.

१२/
अशाच मोकळ्या जागा राजाच्या मालकीच्या काही आवारांतही होत्या: लूव्हर, गोबलँ आणि सँ-आंत्वानच्या शेजारचे आर्सेनाल, म्हणजे जुना तोफखाना. तेथे राजाने जागा दिलेल्या कारागिरावर श्रेणीची सत्ता चालत नसे. हाइन्सबर्गहून आलेला ज्याँ-फ्राँस्वा ओबेन हा त्यांपैकी एक. तो लाकडाचा कारागीर तर होताच, त्याहून अधिक यंत्रांचा जादूगार होता. पंधराव्या लुईचा आजारी नातू, बर्गंडीचा छोटा ड्यूक, याला चालता येईनासे झाले, तेव्हा ओबेनने त्याच्यासाठी कळसूत्री खुर्ची बनवली. मूल १७६१ साली नवव्या वर्षी गेले. त्याचे नाव मात्र ओबेनच्या यांत्रिक मेजांच्या एका प्रकाराला चिकटून राहिले.

१३/
ओबेनने मादाम द पोंपादूर हिच्यासाठी केलेले मेज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाहता येते. लहान खोलीत मोठे मेज मावत नाही, ही अडचण. त्यावर ओबेनचा तोडगा असा: मेजाचा वरचा पृष्ठभाग मागे सरकतो आणि त्याच वेळी मोठा खण पुढे येतो. क्षणात मेज जवळपास दुप्पट होते. लेखन संपले की पुन्हा मिटते. चारही कोपऱ्यांवर तिच्या कुलचिन्हातील बुरूज आहे. वस्तू कोणासाठी, किती जागेत, कोणत्या वापरासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी आणि सजावट नंतर, ही मापाच्या कामाची शिस्त येथे दिसते.

१४/
१७६० साली ओबेनकडे त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठे काम आले. पंधराव्या लुईसाठी गोल झाकणाचे लेखनमेज. आराखडे झाले, नमुने झाले, काम सुरू झाले. आणि जानेवारी १७६३ मध्ये ओबेन वारला. मागे अर्धवट मेज होते, देणी होती, लहान मुले होती आणि विधवा फ्राँस्वाझ-मार्गरित. ती स्वतः सुतारांच्या घरातली. तिचा भाऊ रोझे व्हांदरक्रूझ हाही नामांकित एबेनिस्त होता. श्रेणीव्यवस्था स्त्रियांना उस्ताद होऊ देत नसे, पण उस्तादाच्या विधवेला नवऱ्याची कार्यशाळा चालवण्याचा हक्क देई. फ्राँस्वाझ-मार्गरितने तो बजावला.

१५/
कार्यशाळेत दोन हुशार हात होते: ज्याँ-फ्राँस्वा लेलू आणि १७३४ साली वेस्टफालियातील ग्लाडबेक येथे जन्मलेला रीझनर. सूत्रे कोणाकडे जाणार, यावरून दोघांत तेढ होती. विधवेने रीझनरला निवडले आणि १७६७ साली त्याच्याशी लग्न केले. लेलूने स्वतंत्र कार्यशाळा थाटली. तेढ संपली नाही. १७६८ साली रीझनर उस्ताद झाला. तोवर त्याच्या हातच्या वस्तूंवरही मृत ओबेनचाच शिक्का पडत होता. म्हणून १७६३ ते १७६८ या काळातील ‘ओबेन’ शिक्क्याची वस्तू नेमकी कोणाची, हे ठरवताना अभ्यासकांना आजही शैली पारखावी लागते.

१६/
येथे एक नाते लक्षात ठेवण्यासारखे आहे. ओबेन आणि फ्राँस्वाझ-मार्गरित यांची मुलगी व्हिक्त्वार रीझनरच्या घरात वाढली. तिचा मुलगा म्हणजे विख्यात चित्रकार यूजेन दलाक्र्वा. हातात तिरंगा घेऊन अडथळ्यांवरून लोकांना पुढे नेणाऱ्या स्वातंत्र्यदेवतेचे ते प्रसिद्ध चित्र त्याचेच. क्रांतीची सर्वांत ओळखीची प्रतिमा ज्याने रंगवली, त्याचे आजोबा राजाचे सुतार होते. राजाचे ते लेखनमेज रीझनरने १७६९ साली पूर्ण केले आणि त्यावर लाकडाच्या जडावातच आपले नाव, साल आणि आर्सेनालचा पत्ता कोरला. एका किल्लीच्या फिरकीने त्याचे झाकण आणि खण एकदम उघडतात.

१७/
असे काम प्रत्यक्षात होत कसे असे? सुरुवात मापापासून. फ्रान्समध्ये लांबीचे एकक होते ‘राजाचे पाऊल’, सुमारे ३२.५ सेंटिमीटर. त्याचे बारा अंगुळ, अंगुळाचे बारा भाग. खोलीत जाऊन भिंतीची रुंदी, खिडकीखालच्या अस्तराची उंची, दार उघडण्याची जागा मोजली जाई. मग रेखाचित्र, कधी मेणाचा किंवा लाकडाचा लहान नमुना. गिऱ्हाइकाने तो मान्य केल्यावरच करवत चाले. मोजमापात अंगुळाचा फरक पडला तर कोमोद दोन खिडक्यांमध्ये बसणार नाही आणि महिन्यांचे काम वाया जाईल. कार्यशाळेची अब्रू गुण्यावर आणि फुटपट्टीवर तोललेली असे.

१८/
सांगाडा ओकचा. चांगले वाळलेले लाकूड निवडायचे, कारण ओले लाकूड पुढे आक्रसते आणि वरचा पापुद्रा फाटतो. खणांचे कोपरे कबुतराच्या शेपटीच्या आकाराच्या दातांनी एकमेकांत गुंतवलेले. त्यावर येई मौल्यवान लाकडाचा पापुद्रा. आज यंत्राने निघणारे व्हिनियर कागदासारखे पातळ असते. तेव्हा दोन माणसे समोरासमोर उभी राहून मोठ्या करवतीने ओंडका चिरत आणि दोन-तीन मिलिमीटर जाडीचे तक्ते काढत. लाकूड अमेरिकेतून आणि आशियातून येई: जांभळे अमरांथ, गुलाबी छटेचे ‘ब्वा द रोझ’, पिवळे सॅटिनवूड. वसाहती, गुलामांचे श्रम आणि समुद्री व्यापार यांचा ठसा राजाच्या खणांवर असा उमटलेला होता.

१९/
मग जडावाचे काम. फुले, टोपल्या, वाद्ये यांचे तुकडे बारीक करवतीने कापायचे. पाकळीला सावली हवी असेल तर तुकड्याची कड तापलेल्या वाळूत बुडवायची. जितका वेळ बुडवावी तितकी ती करपून गडद होते. हिरवा, निळा, लाल हे रंग लाकडाला रंगद्रव्यात मुरवून देत. शेवटी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेल्या गरम सरसाने सारे चिकटवायचे आणि दाबाखाली ठेवायचे. आज संग्रहालयांत दिसणारा शांत तपकिरी रंग हा उन्हाने आणि काळाने केलेला बदल आहे. नवे असताना हे फर्निचर रंगीत बागेसारखे झळकत असे. आतल्या, उजेड न लागलेल्या भागांत त्या मूळ रंगांच्या खुणा अजून सापडतात.

२०/
वरची सोनेरी वेलबुट्टी हे आणखी एक वेगळे जग. ओतारी आणि मुलामा देणारे यांच्या श्रेणी निराळ्या. एबेनिस्ताने स्वतःच्या कार्यशाळेत धातू ओतला तर तो गुन्हा. शार्ल क्रेसाँ या नामवंत कारागिरावर या कारणावरून वारंवार खटले झाले. राजाश्रय असलेल्यांना मात्र हे बंधन जाचत नसे. मुलाम्यासाठी सोने पाऱ्यात कालवून धातूवर फासत आणि आगीवर धरत. पारा वाफ होऊन उडून जाई, सोने उरे. ती वाफ कारागिराच्या फुप्फुसांत आणि मेंदूत जाई. शयनगृहातील त्या मंद सोनेरी झळाळीची किंमत हिशेबाच्या वहीत लिहिली जात नसे.

२१/
१७७४ ते १७८४ ही रीझनरची दहा वर्षे. सोळाव्या लुईच्या शयनगृहासाठी त्याने १७७५ साली कोमोद पोहोचते केले. ते आज शांतियीच्या संग्रहालयात आहे. राजघराण्यासाठी त्याने सातशेहून अधिक वस्तू पुरवल्या. राणी मारी आंत्वानेत हिची तर त्याच्यावर विशेष मर्जी होती. पण दरबारी फर्निचर महाग होते आणि तिजोरी रिती होत चालली होती. राजाचे सामान सांभाळणारे खाते, मराठेशाहीतील फरासखान्याशी साम्य असलेले, याच्या नव्या प्रमुखाने १७८४ च्या सुमारास काटकसर सुरू केली आणि कामे गियोम बेनेमानकडे वळवली. राणी मात्र रीझनरलाच कामे देत राहिली.

२२/
त्या फरासखान्याने इतिहासावर एक उपकार केला आहे. येणाऱ्या प्रत्येक वस्तूची तेथे रोजनिशीत नोंद होई: तारीख, कारागिराचे नाव, वर्णन, पाऊल-अंगुळांत माप आणि कोणत्या वाड्यातील कोणती खोली. तोच क्रमांक वस्तूच्या मागे रंगाने लिहिला जाई. आज एखाद्या कोमोदाच्या पाठीवर फिकट आकडा दिसला, तर अभ्यासक तो रोजनिशीशी ताडून पाहतात आणि अडीचशे वर्षांपूर्वी ते कोणत्या भिंतीसमोर उभे होते हे सांगू शकतात. शिक्का कारागीर सांगतो, आकडा खोली सांगतो आणि माप त्या दोघांची साक्ष पटवते. वस्तू हाच दस्तऐवज, याचे याहून चांगले उदाहरण क्वचित मिळेल.

२३/
दरम्यान श्रेणींच्या पायाला हादरे बसू लागले होते. अर्थमंत्री त्युर्गो याने १७७६ च्या आरंभी श्रेणी रद्द केल्या. मे महिन्यात तो पदच्युत झाला आणि ऑगस्टमध्ये श्रेणी परतल्या. सँ-आंत्वानमध्ये असंतोष वाढत होता. तेथेच रेव्हेयाँ याचा भिंतीच्या कागदांचा कारखाना होता. १७८३ साली मोंगोल्फिए बंधूंच्या गरम हवेच्या फुग्यातून माणसाने घेतलेली पहिली दोरबंद उड्डाणे त्याच्याच आवारातली. एप्रिल १७८९ मध्ये तो मजुरी कमी करू पाहतो अशी वार्ता पसरली. जमावाने त्याचे घर लुटले, सैन्याने गोळ्या घातल्या, अनेक माणसे मेली. पाव महागला होता आणि हात रिकामे होते.

२४/
अडीच महिन्यांनी, १४ जुलै १७८९ रोजी, बास्तीय पडला. किल्ला सँ-आंत्वानच्या अगदी दाराशी होता. हल्ल्यात भाग घेतलेल्यांच्या अधिकृत याद्या नंतर तयार झाल्या. त्यांतील बहुसंख्य लोक याच वस्तीतले होते आणि सुतार व एबेनिस्त हा त्यांतला एक मोठा गट होता. शतकानुशतके ज्यांनी राजाची शयनगृहे सजवली, त्याच धंद्यातल्या माणसांनी राजसत्तेच्या प्रतीकावर चाल केली. यात विरोधाभास वाटू शकतो. पण उधारीवर काम, थकलेली बिले आणि महागडी भाकरी यांचा अनुभव घेतलेल्यांना तो वाटला नसावा.

२५/
मार्च १७९१ मध्ये श्रेणी कायमच्या रद्द झाल्या. आता कोणीही, कुठेही, काहीही बनवू शकत होता. सँ-आंत्वानचा विशेषाधिकार सर्वांचा हक्क झाला. मात्र तीन महिन्यांनी, जूनमध्ये, ल शापलिए याच्या कायद्याने कामगारांना एकत्र येऊन मजुरी ठरवण्यास बंदी केली. धंदा करण्याचे स्वातंत्र्य मिळाले, संघटित होण्याचे हिरावले. १७९५ साली ‘राजाचे पाऊल’ जाऊन मीटर आला. सुताराच्या हातातील पट्टीवरूनही राजा उतरला.

२६/
२५ ऑगस्ट १७९३ रोजी व्हर्सायमधील सामानाचा लिलाव सुरू झाला. तो जवळपास वर्षभर चालला. १७,१८२ गठ्ठे विकले गेले. व्यापारी आले, परदेशी दलाल आले. आणि रीझनरही आला. त्याने आपल्याच कित्येक वस्तू विकत घेतल्या. परिस्थिती सुधारली की त्या चढ्या भावाने विकता येतील, हा हिशेब त्यामागे होता. तो चुकला. अभिरुची बदलली होती. नव्या श्रीमंतांना रोमन पद्धतीची सरळ रेषांची महोगनी हवी होती. जडावाची फुले जुन्या राजवटीची वाटू लागली. ६ जानेवारी १८०६ रोजी रीझनर वारला, तेव्हा त्याचे वैभव कधीच ओसरले होते. त्याच्या मुलाने रंधा घेतला नाही. तो चित्रकार झाला.

२७/
श्रेणी गेल्याचा फायदा सर्वाधिक कोणाला झाला? लाकूड आणि धातू एकाच छपराखाली आणू शकणाऱ्या मोठ्या मालकांना. झाकोब घराण्याच्या कारखान्यात नेपोलियनच्या काळात शेकडो कामगार होते. तरी सँ-आंत्वानच्या लहान कार्यशाळा मेल्या नाहीत. एकोणिसाव्या शतकात मध्यमवर्ग वाढला आणि त्याला पलंग, रात्रीचे छोटे मेज आणि आरशाचे कपाट असा शयनगृहाचा जुळता संच हवा झाला. हा संच या गल्ल्यांत घडला. ज्याच्याकडे दुकान नव्हते, तो शनिवारी आठवड्याचे काम खांद्यावर किंवा हातगाडीवर घालून रस्त्यावर गिऱ्हाईक शोधत फिरे. संध्याकाळ झाली की पडेल त्या भावाला वस्तू द्यावी लागे. १८८६ साली कौशल्य टिकवण्यासाठी तेथे एकोल बूल ही शाळा सुरू झाली. ती आजही चालू आहे.

२८/
मठाच्या जागी आज सँ-आंत्वान रुग्णालय आहे. गल्ल्यांच्या आतील अंगणांत जुन्या कार्यशाळांच्या मोठ्या खिडक्या दिसतात. लंडनचे वॉलेस संग्रहालय, वॉडेसडन मॅनर आणि ब्रिटिश राजसंग्रह यांनी रीझनरच्या वस्तूंचा एकत्रित अभ्यास केला आहे. एक खण बाहेर काढावा आणि त्याचा कोपरा पाहावा, असे ते काम. कारण इतिहास तेथे आहे: दातांच्या कापणीत, न दिसणाऱ्या शिक्क्यात, पाठीवरच्या आकड्यात.

२९/
ज्या लेखनमेजावर रीझनरने लाकडाच्या अक्षरांत नाव लिहिले, त्यावरची राजाची आद्याक्षरे १७९४ साली निघाली आणि त्यांच्या जागी चिनी मातीच्या तबकड्या बसल्या. कारागिराचे नाव मात्र कोणी काढले नाही. मेज व्हर्सायला परत गेले आहे. ते मागवणारा राजा, बंधने घालणारी श्रेणी आणि चिन्हे पुसणारी समिती, तिन्ही संपल्या. खोलीचे माप घेऊन त्या मापात चोख बसणारी वस्तू घडवणाऱ्या माणसाचे नाव तेवढे लाकडात राहिले आहे. (समाप्त)